पहिल्या नंबरावरचं पान

लग्नाकार्यात एखादी जुनी विद्यार्थिनी भेटते. परभणीत मी बरीच वर्षं मराठी टायपिंगचे वर्ग चालवले, त्यामुळे अशा विद्यार्थिनी गावभर आहेत. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, क्लास बंद केला म्हणे. आता काय करता?" मी सांगते, "लोकांच्या वेबसाइट वर आणते." ती समजल्यासारखी मान हलवते आणि दोन मिनिटांनी शेजारणीला माझी ओळख करून देते, "ह्या आमच्या मॅडम. कॉम्प्युटर दुरुस्त करतात."

तिला दोष देत नाही. हे काम कुणाला दिसत नाही. माणूस मोबाइलमध्ये काहीतरी विचारतो, त्याच्यापुढे एक यादी येते. त्या यादीतलं पहिलं पान तो उघडतो, फार तर दुसरं-तिसरं. त्याखाली सहसा कुणी जात नाही. माझ्या गिऱ्हाइकाचं पान त्या पहिल्या दोन-तिनांत यावं, एवढाच माझा धंदा. त्यासाठी मुख्य गोष्ट कळावी लागते, की गरजेच्या वेळी माणूस नेमके कोणते शब्द विचारतो. ते शब्द पानाच्या मथळ्यात, पहिल्या ओळीत, मधे मधे असे बसवायचे की वाचणाऱ्याला खटकू नयेत आणि यंत्राला सापडावेत. धंद्यात त्याला कीवर्ड म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. पण गिऱ्हाइकांना समजावता समजावता घसा कोरडा पडतो. एक मंगल कार्यालयवाले होते. त्यांचा हट्ट असा, की नुसतं 'परभणी' टाकलं की त्यांचं कार्यालय पहिलं आलं पाहिजे. मी म्हटलं, "दादा, नुसतं परभणी विचारणाऱ्याला गाडीचं टायमिंग पाहिजे असतं, नाहीतर हवामान पाहिजे असतं. त्याच्या घरी लग्न नाही." ते म्हणाले, "आज नसंल. उद्या निघंल की." त्यांच्याशी दोन महिने भांडून शेवटी 'परभणीत साखरपुड्यासाठी छोटा हॉल' ही ओळ मी धरली. ती विचारणारे थोडे, पण जो विचारी त्याच्या घरी साखरपुडा असेच. त्यांचा धाकटा हॉल रिकामा राहीना. तरी आजही भेटले की म्हणतात, "ते 'परभणी'चं तेवढं बघा."

ताडकळसला एक मोटार रिवाइंडिंगवाले आहेत, विहिरीवरच्या पंपांची कामं करतात. त्यांच्या पानावर त्यांनी कुठूनतरी आणून भारी भारी शब्द टाकले होते. मी एक बाजाराचा दिवस त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून काढला. आलेला प्रत्येक शेतकरी काय म्हणतो ते ऐकलं. एकानंही 'रिवाइंडिंग' हा शब्द काढला नाही. "मोटार घुमायली पन पानी येईना", "मोटार वास मारायली", "मोटार बसली". तेच शब्द मी पानावर घातले आणि त्यांचा फोन वाजायला लागला. त्या दिवसापासून मला वाटायचं, आपल्याला हा धंदा कळला. पुढचं सांगायचं ते त्यामुळेच.

सय्यद डॉक्टर सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. जिल्ह्यातलं क्वचितच एखादं गाव असेल जिथल्या गोठ्यात त्यांनी हात घातला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी जिंतूर रोडला स्वतःचा लहानसा दवाखाना काढला. माझ्याकडे आले ते एकाच तक्रारीनं. "मॅडम, लोक जनावर आडवं पडल्यावर फोन करतात. उभं असताना केला तर माझ्या हातात काहीतरी राहतं. मोबाइल तर सगळ्यांजवळ आहे. त्यातून काही करता येईल का?"

त्यांनी मजकूर दिला, मी पानं बनवली. 'शेळ्यांमधील अपचनजन्य विकार' असा मथळा. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग मी त्यांना बसवून मोबाइल दाखवला. आपण 'शेळीचे पोट' एवढं लिहिलं की यंत्र खाली आपणहून पुढचे शब्द सुचवतं, कारण लोक तेच विचारत असतात. तिथं आलं, 'शेळीचे पोट फुगणे घरगुती उपाय'.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "घरगुती उपायच सांगायचे तर मी दवाखाना कशाला उघडला?"

"उपाय शोधत येतील आणि तुमचा नंबर घेऊन जातील," मी म्हटलं.

ते नाखुशीनं तयार झाले. उपाय त्यांनी जपून सांगितले. शेळी उभी असेल तरच गोडतेल पाजा, मान वर ताणू नका, पुढचे पाय उंचावर ठेवा, हळूहळू फिरवा. पण त्याआधी त्यांनी मला एक ओळ लिहून घ्यायला लावली होती. शेळीनं कोवळी ज्वारी खाल्ली असेल, तर यातलं काहीही करू नका, तिला हलवू नका, लगेच फोन करा. "ही ओळ सगळ्यात वर घ्या," ते म्हणाले. "कोवळ्या ज्वारीत विष असतं. तासाभरात खेळ संपतो. आणि पोट त्यातही फुगतं, त्यामुळे बघणारा फसतो."

ती ओळ मी सगळ्यात खाली टाकली. नंबरसकट.

का, ते सांगते. माणूस पान उघडून लगेच निघून गेला, तर यंत्राला वाटतं की या पानात दम नाही, असं आमच्या धंद्यात धरून चालतात. म्हणून वाचणाऱ्याला थांबवायचं. हवी ती गोष्ट थोडी लांब ठेवायची, म्हणजे तो खालपर्यंत येतो. सुरुवातीलाच 'फोन करा' लिहिलं असतं, तर लोक फोन करून निघून गेले असते आणि पान घसरलं असतं. मी डॉक्टरांना म्हटलं, ओळ आहे पानावर. ती कुठं आहे ते त्यांनी पाहिलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

तीन महिन्यांत ते पान पहिल्या नंबरावर आलं. हिंगोली, जालना, पार विदर्भातून डॉक्टरांना फोन येऊ लागले. त्यांनी मिठाई आणली. मी त्या पानाचा फोटो काढून नव्या गिऱ्हाइकांना दाखवायची.

रब्बीची ज्वारी निघून रानात कापलेल्या ताटांची धसकटं तेवढी उरली होती, आणि आठवडाभरापूर्वी अवकाळी पाऊस येऊन गेला होता. सकाळी अकराच्या सुमाराला डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, दवाखान्यात येता का? एक बाई बसल्यात. त्यांचं तुम्ही ऐकावं असं वाटतं." आवाजात राग नव्हता, म्हणून मी निर्धास्त गेले.

बाकावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. नाव गयाबाई. जिंतूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत त्यांची वस्ती. नवरा मेंढरं घेऊन लांब चरायला गेलेला, घरच्या अकरा शेळ्या त्या बघायच्या. वाचलेल्या दोन शेळ्यांचं औषध न्यायला आल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "गयाबाई, उपाय सांगितले मी. लिहिले ह्या मॅडमनी. आता मला सांगितलं ते त्यांना सांगा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पदर सारखा केला आणि शांतपणे सांगायला लागल्या.

"परवाची गोष्ट हाय. पान्यानं धसकटाला कोंब फुटले व्हते. सा शेळ्या त्या रानात शिरल्या. मी हाकलून आनेपर्यंत खाऊन झालं व्हतं. बांधावर आल्या आन् पोटं टम झाली. एक तर लडबडायली, पाय टाकता येईना तिला. मी फोनात बोलून इचारलं. तुमचं पान पयलंच आलं. मला वाचता येतंय, पन हळू. एक एक वळ वाचली आन् तसं केलं. तेल पाजा लिवलं व्हतं, शेजारनीच्या घरून आनून पाजलं. फिरवा लिवलं व्हतं. मी फिरवल्या. एक बसायली तर तिला उठवून फिरवली. पडेपर्यंत फिरवली, बाई."

 डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते.

"मंग पार खाली गेले तवा दिसलं, ज्वारी खाल्ली आसंल तर हलवू नका. तितंच नंबर. तवर दोन गेल्या व्हत्या. डाक्टरसायेब गाडीवर आले, सुई दिली. अजून दोन गेल्या. दोन राहिल्या." मग त्यांनी विचारलं, "नंबर खाली कशाला लिवला व्हता?"

मला खोटं सांगता आलं असतं. चुकून झालं, छपाईत खाली गेलं, असं काहीही. गयाबाईंना ते पटलंही असतं. पण डॉक्टर माझ्याकडे वळले होते, आणि ती ओळ खाली का गेली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी खरं ते सांगितलं. लोकांनी पानावर जास्त वेळ थांबावं म्हणून नंबर खाली ठेवतात, म्हणजे पान वर राहतं.

गयाबाईंनी ते मनात फिरवून पाहिलं. "म्हंजी तुमी आमाला थांबवून ठिवायलाव का?"

"हो," मी म्हटलं.

"जनावर मरायलंय आन् मानूस थांबायलाय," त्या म्हणाल्या.  राग केला असता तर मला सोपं गेलं असतं. डॉक्टरांनी औषधाची पुडी दिली, ती त्यांनी पिशवीत ठेवली आणि बसच्या वेळेला निघून गेल्या.

डॉक्टरांनी मोबाइलवर ते पान उघडून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "मी एकदा पान उघडून बघायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं सहीच्या आधी कागद वाचत आलो आणि हा नाही वाचला." मी म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "असू द्या. वाटून घेऊ. आता दुरुस्त करा."

तिथंच त्यांच्या टेबलावर बसून मी नंबर वर घेतला. मोठ्या अक्षरात. त्याखाली ज्वारीची ओळ. मथळ्यातले 'घरगुती उपाय' काढून टाकले. जे व्हायचं ते झालं. पान पहिल्यावरून चौथ्यावर गेलं, मग कुठं दिसेनासंच झालं. वर दुसरीच पानं आली, कुठल्या कुठल्या लोकांनी लिहिलेली, तेल पाजा आणि फिरवा सांगणारी. ज्वारीचं त्यात नावही नव्हतं. माझं पान शहाणं झालं होतं आणि कुणालाच सापडत नव्हतं. हे जास्त वाईट होतं.

चार दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. मग डॉक्टरांकडून पत्ता घेतला आणि स्कूटीवर गयाबाईंच्या वस्तीवर गेले.  त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं. वाचलेल्या दोन शेळ्या दाखवल्या. एकीच्या पाठीवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "मला शिकायचंय. शेळ्यांना असं झालं की तुम्ही आपसांत काय म्हणता?"

"ज्वारी बाधली म्हन्तो."

"मग त्या दिवशी फोनला तसं का नाही विचारलं?"

त्या हसल्या. तिथं पहिल्यांदाच हसल्या. मोबाइल काढला, माइकचं बटन दाबलं आणि माझ्यापुढे म्हणाल्या, "शेळीला ज्वारी बाधली." यंत्रानं लिहिलं, 'शैलीला ज्वारी बांधली'. खाली उत्तरं आली ती शाळेतल्या निबंधाची, लेखनाची शैली कशी सुधारावी. "आमचं बोलनं ह्याला उमगत न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "म्हनून टीव्हीवानी बोलावं लागतंय. मी दोन येळा आमचं बोलले. मंग पुस्तकी बोलले, पोट फुगने. खाली त्यानंच लिवलं, घरगुती उपाय. दाबलं."

इतकी वर्षं मी लोक काय लिहितात ते यंत्रात बघत होते. यंत्रात दिसतात ते शब्द त्यांचे नव्हतेच. यंत्राला समजावं म्हणून त्यांनी स्वतःचे शब्द टाकून उसने घेतलेले ते शब्द होते. मोटारवाल्याच्या दुकानात मी माणसांचं ऐकलं होतं. इथं मोबाइलच्या यादीवर भागवलं.

गयाबाईंनी शेजारच्या दोघींना हाक मारली. त्या दुपारी आम्ही चौघी बाजेवर बसलो. शेळी लडबडायली, शेळी रवंत करना झाली, तोंडाला फेस यायला, दम लागलाय, धसकट खाल्लं, ज्वारीचे कोवळे पोंगे खाल्ले. प्रत्येक वाक्य त्या मोबाइलला म्हणायच्या, मोबाइल जे चुकीचं लिहायचा ते मी वहीत उतरवायची. 'शैली लडबडली'. 'तोंडाला वेस'. 'पुंगी खाल्ली'. एकीला तर हसून ठसका लागला. हसता हसता गयाबाई मधेच म्हणाल्या, "त्या मेलेल्या चौघी शेळ्या असत्या तर ह्या येळेला दारात येऊन वरडल्या असत्या."  मग मोबाइल उचलून त्यांनीच पुढचं वाक्य सांगितलं.

एका पानाची मी सात लहान पानं केली. प्रत्येक पान एकाच ओळीसाठी. 'शेळीने कोवळी ज्वारी खाल्ली', 'शेळीला ज्वारी बाधली', 'धसकटाचे कोंब खाऊन शेळी लडबडते' अशी. आणि हो, यंत्रानं चुकीचं ऐकलं तरी पान सापडावं म्हणून 'शैलीला ज्वारी बांधली' हेसुद्धा, तळाशी बारीक अक्षरात. डॉक्टरांनी ते वाचून विचारलं, "लोक म्हणतील काय, मॅडमला मराठी येत नाही." टायपिंगच्या परीक्षेत ऱ्हस्व-दीर्घाला मी मुलींचे गुण कापायची. पण ते तसंच ठेवलं. 'घरगुती उपाय' हे शब्दही परत घेतले, कारण शोधणारा त्यांच्यावरच बोट ठेवतो. फक्त मथळा असा केला, 'शेळीचे पोट फुगले: घरगुती उपायाआधी हे बघा'. प्रत्येक पानाची पहिली ओळ एकच. ज्वारी खाल्ली असेल तर हलवू नका, पाजू नका, आधी फोन. नंबरला बोट लावलं की सरळ फोन लागतो.

धंद्याच्या हिशेबानं ही पानं नापास आहेत. माणूस येतो, आठ-दहा सेकंदांत फोन लावतो आणि जातो. मला वाटलं होतं ती कधी वर येणारच नाहीत. पण ते शब्द दुसऱ्या कुणी लिहिलेलेच नव्हते. हळूहळू ती आली. 'शेळीचे पोट फुगणे' या मोठ्या प्रश्नाला नाही आली, तिथं आमचं पान अजून तिसऱ्या-चौथ्यावर असतं. पण ज्वारीचं नाव काढलं की पहिलं तेच.

डॉक्टरांनी आणखी एक केलं. आसपासच्या जिल्ह्यांतल्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांचे नंबर स्वतः फोन करून जमवले. लांबचा फोन आला तर जवळच्या माणसाला धाडता यावं म्हणून.

यंदाही ज्वारी निघाल्यावर पाऊस झाला. मी काही कामानं दवाखान्यात बसले होते आणि फोन आला. डॉक्टरांनी आवाज मोठा केला. सेलूकडचा एक शेतकरी, धापा टाकत बोलत होता. "सायेब, तुमच्या पानावर लिवलंय तसं एकीलाबी हलवली न्हाई. पुढं काय करू?" डॉक्टरांनी त्याला बोलतं ठेवलं आणि दुसऱ्या फोनवरून तिथल्या ओळखीच्या डॉक्टरला गाडीवर काढलं. वीस-पंचवीस मिनिटांनी तो पोचला. आम्ही दोघं चहा समोर ठेवून बसलो होतो, त्याला कुणी तोंड लावलं नाही. दुपारी फोन आला. सात शेळ्यांना बाधली होती, सहा उठल्या.

डॉक्टर उठून तोंड धुऊन आले.

मी गयाबाईंना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. तुमच्या शब्दांवरून तो माणूस आला, त्यानं हलवली नाही, सहा वाचल्या. त्या ऐकत होत्या. मला वाटलं त्या आता काही चांगलं बोलतील. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच फोन केला होता.

"आन् सातवी?" त्यांनी विचारलं.

"ती गेली."

"कसली व्हती? दूध देनारी का गाभन?"

"ते विचारलं नाही."

"इचारा की," गयाबाई म्हणाल्या. "सा वाचल्या म्हनून समदे खूश आसतील. त्या घरात कुनी तरी सातवीपाशी बसलेलं आसंल. त्याला फोन करा आदी."

मी डॉक्टरांकडून त्या शेतकऱ्याचा नंबर घेतला. फोन त्याच्या बायकोनं उचलला. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "ताई, तुमची जी शेळी गेली, तिच्याबद्दल विचारायला फोन केला."  मग त्यांनी तिचं नाव सांगितलं, आणि बोलायला सुरुवात केली.